प्रश्नचिन्हांची ओळ

सावद्याच्या केळी संघात डेटाबेस दोन जागी राहतो.
माल मागच्या खोलीत, कूलरसमोर, एकाच फायलीत.
तोंडं पुढे, सहा टेबलांवर सहा प्रती.
चूल एक, ताटं सहा.
मी भुसावळहून शनिवारी येते, पंक्ती नीट बसल्यात का बघायला.

"आली वं माय डॉक्टरीण," फिरकेबाई म्हणतात,
"सकाळपास्नं गोल गोल फिरू राह्यलं नुस्तं."

काशिनाथ ढाके, चिनावल, यांचा उतारा मागितला
की अकरा वर्षांचे सगळे घड तारेतून चालत येतात,
कांदेबाग, मृगबाग, काटातुटीसकट,
आणि टेबलाशी आल्यावर कळतं, ढाके एकटेच हवे होते.
मी खातेनंबरावर इंडेक्स घातला,
वहीला अंगठ्यापुरत्या खाचा कापाव्यात तसा.
आता ढाके एकटे येतात.

भिरूडच्या मशीनवर फेब्रुवारीची प्रत निघाली,
हमाली अजून जुन्या दराने कापत होती.
म्हणून रोज सकाळी मशीन उघडलं
की ताजी प्रत आपोआप उतरते, कुणाला न विचारता.
संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढून
फाइल दाबायची, जिनात कापसाची गाठ दाबतात तशी.
चारशे ऐंशीची दोनशे दहा होते.
फक्त अत्तरदे नाना फॉर्म उघडा टाकून घरी जातात
आणि त्या एका खिडकीपायी अख्खी गाठ अडते.
मी फोन करते. नाना म्हणतात, जेवून येतो.

कोड वायकोळ्यांचा.
वायकोळे सुरतेला गेले, नंबर बदलला.
काट्याच्या फॉर्मात एक ओळ होती :
दोन सेकंद थांब.
वर त्यांची टीप, मराठीत लिहिलेली,
आणि त्या जुन्या खिडकीला मराठी येत नाही,
तेव्हा तिथं नुसती प्रश्नचिन्हं.
दिवसाला तीनशे गाड्या, सहाशे सेकंद.
मी ओळ काढली. टीप राहू दिली, का कोण जाणे.
पावती पापणी लवायच्या आत. फिरकेबाईंनी चहा पाजला.

बुधवारी फोन.
गेले तेव्हा मस्कावदचे लीलाधर बोंडे
बाकावर बसून होते, शांत.
काही न बोलता त्यांनी तीन पावत्या पुढे ठेवल्या.
गाडी एक, वेळ एक, वजनं तीन.

मग मी काट्यापाशी उभी राहिले,
दुपारी दोनला, मे महिन्यात, ओढणी डोक्यावर घेऊन.
गाडी चढली. पाटा हलला.
आकडा वर पळाला, खाली आला, पुन्हा वर,
आणि मग म्हैस बसते तसा बसला,
आधी पुढचे गुडघे, मग मागचे.
मी मनात मोजलं.
एक. दोन.

ओळ परत घातली,
बाकीच्या पाच टेबलांना तिची झळ लागू नये अशी,
फक्त काट्यापुरती.
खाली माझी टीप, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत,
म्हणजे निदान वाचता तरी येईल.
बोंड्यांच्या तीन पावत्या फाडून एक दिली.
ते म्हणाले, "आता हे खरं का?"
म्हटलं, खरं. पुन्हा गाडी चढवा पाहिजे तर.
त्यांनी चढवली.

रात्री परतीच्या एसटीत वायकोळ्यांची ओळ
वहीत उतरवून घेतली.
त्या खिडकीत प्रत्येक अक्षराला एक प्रश्नचिन्ह,
काना, वेलांटी, हलन्तालाही एकेक,
शब्दांमधली जागा मात्र जशीच्या तशी.
पहिला शब्द चार : काटा.
दुसरा पाच : स्थिर.
इथपर्यंत बसतं.
पुढे सात, मग दोन, मग नऊ.
होऊ द्या, घाई नको, लोकांचा माल आहे,
सगळं लावून पाहिलं.
नऊचा तो शेवटचा शब्द काही केल्या भरत नाही.
कुणाचं नाव असेल कदाचित.
फैजपूर गेलं. कंडक्टरनं दिवे घालवले.