पौंडाला सोळा ते वीस

आमच्याकडे सगळं किलोवर चालतं.
तांदूळ, खिळे, फणसाचे गरे, भंगार.
फक्त कोळंबी पौंडावर.
मिरकरवाड्याच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी
मेहरून सोलकरनं माझ्या तळहातावर एक ठेवली,
म्हणाली, डोळ्यानं बघू नको गो, हाताला कळू दे.
पौंडाला सोळा ते वीस बसली तर निळा ट्रे.
एकवीस ते पंचवीस, पिवळा.
त्याखालची मोजू नको.
ती आपल्या लोकांची.

पौंड म्हणजे किती, मी विचारलं नाही.
अकरा वर्षं झाली.
बर्फाच्या पाण्यात बोटं पांढरी पडतात, पिठासारखी होतात,
रेशनच्या मशीनला माझा अंगठा पटत नाही.
पेडणेकर म्हणतो, काकी, उद्या या, हात सुकवून.
पण हाताला बरोबर कळतं
न पाहिलेल्या गावातल्या माणसाच्या
बशीत किती मावतील.

मागच्या साली तांबड्या समुद्रात गोळे पडत होते.
आमचा माल आफ्रिकेला वळसा घालून गेला,
आणि डब्यामागचे दोन रुपये कापले गेले.
मेहरून म्हणाली,
वळसा जहाजानं घातला, पाय माझे दुखले.

धंदा बसायची आमची कारणं ठरलेली.
वावटळ. जेलीफिश. पर्ससीनवाले.
डिझेल. कुणाची तरी नजर.
प्रत्येकाला शिवी घालता येते,
नाहीतर नारळ देता येतो.
यंदा पौर्णिमेचा नारळ तरंगत नीट बाहेर गेला,
वारा पडलेला, पाणी निवळ,
यासीन तांडेलाची होडी तिसऱ्या दिवशी
भरून आली, काठोकाठ.
आणि मॅनेजर हडकर धक्क्यावर
फोन कानाला लावून नुसता उभा.

तिकडे सही झाली, म्हणाला. कर वाढला.
कोणी केली, कशासाठी,
कुणाचं कुणाशी तेलावरून की कशावरून भांडण,
ते त्यानं सांगितलं, आम्ही ऐकलं,
जसं लग्नात दुसऱ्याच्या भावकीचं ऐकतो.
तांडेलानं एवढंच विचारलं, तो देश कुठल्या अंगाला?
हडकरनं भगवतीच्या दीपगृहापलीकडे हात केला.
तांडेल बराच वेळ तिकडे बघत राहिला.
नमाजाला रोज तिकडेच तोंड असतं त्याचं.
हे त्याच्याही पलीकडे.

कोल्ड स्टोरेज भरलं. मग ट्रे भरले.
मग बर्फ फोडायचं यंत्र बंद झालं,
आणि इतक्या वर्षांनी शेडमधून
लाटांचा आवाज आला. कुणालाच आवडला नाही तो.

शनिवारच्या बाजारात टेम्पो आला.
निळ्या ट्रेमधला माल ताडपत्रीवर, ढिगानं,
तीनशे रुपये किलो.
किलो.
मी अर्धा घेतला. अठरा बसली.
ओलं खोबरं, दोन तिरफळं, सोलं.
रसिका म्हणाली, आई, ही एवढी मोठी असते?
मी म्हटलं, असते.
गोड होती. खोटं कशाला बोलू, गोडच होती.
मेहरूनकडे वाटी पाठवली,
तिनं रिकामी न पाठवता
आत चार शेवया घालून परत केली.
त्या रात्री गल्लीत सगळीकडून एकच वास,
सण असल्यासारखा,
आणि बायका दारात बसून
कुणाकडे घरकाम आहे का, ते बोलत होत्या.

हडकरचा परवा फोन होता.
दुसरा देश बघतायत. तिथे म्हणे वेगळा काउंट.
हात नव्यानं शिकवावा लागेल.
कधी ते त्याला माहीत नाही.

आज रेशनवर गेले.
अंगठा ठेवला. मशीन पहिल्याच खेपेला हिरवं झालं.
चार आठवडे सुकलेल्या बोटांवर
रेघा परत आल्यात, बारीक, भातखाचरासारख्या.
बघा काकी, पेडणेकर खूश होऊन म्हणाला,
आज आलात तुम्ही!
मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.