केर

आमच्या घरातला केर
कधी उकिरड्यावर गेला नाही.
तो तेलाच्या रिकाम्या डब्यात जायचा,
झाकणावर आप्पांच्या अक्षरात साल.
हात धुतलेलं पाणीसुद्धा टिपात साठायचं,
आणि शाळेला निघताना आई
माझे केस कागदावर विंचरायची.
इतर घरांत उवांसाठी विंचरत असतील.
आमच्यात चांदीसाठी.

हुपरीत हे कुणाला सांगावं लागत नाही.
इथं चहाच्या आधी टाकणखाराचा वास येतो,
गल्लीगल्लीत बर्नर सुरसुरतात,
उंबऱ्यात बसून बाया घुंगराला कडी लावत
कुणाची सून, कुणाचं ऑपरेशन
असलं सगळं बोलत असतात,
बोटं आपली खाली चालूच.
ती पैंजणं वाजतात कुठं तर आग्र्याला, सेलमला.
आम्ही ती फक्त किलोवर मोजलेली.

मी साडेआठच्या एसटीनं कोल्हापूरला जाते.
राजारामपुरीत लॅब आहे,
तिथं दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरते.
पट्टणकोडोलीच्या जत्रेनंतर आठवडाभर
सीटवर भंडारा असतो,
सगळी बस पिवळ्या पाठीनं शहरात उतरते.
शहरातले हसतात. हसू देत.
एकदा डॉक्टर म्हणाले,
हुपरीकर, नखात काय चमकतंय?
मी म्हटलं, वडिलांचा पगार.

यंदा दिवाळीआधी फरशी घालायचं ठरलं.
टाक्याकडं बघून बघून आप्पांचे डोळे गेलेले,
भावानं राजकोटहून मशीन आणलं.
आप्पांना चार दिवस लागायची ती साखळी
ते चहा निवायच्या आत ओढतं.
पण मशीनला मातीची जमीन चालत नाही.

मग झारेकरी आला. हणमंत.
आधी त्याचा बाप यायचा.
त्यानं दारातच चपला काढल्या,
बोट ओलं करून माती टिपली, उजेडात धरली.
म्हणाला, चाळीस वर्सांची हाय, आण्णा.
एक्केचाळीस, आप्पा म्हणाले.

वीतभर खणलं. पोती भरली.
दुसऱ्या दिवशी दुपारी
भट्टीच्या कोपऱ्यात फावडं थांबलं.
हणमंतनं मातीतून उचलून
आप्पांच्या हातावर ठेवली
एक मासोळी.
काळी पडलेली, एक डोळा कोरलेला,
दुसरा कोरायचा राहिलेला.

आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली.
चौऱ्याण्णव साल.
जोडीतली एक कमी भरली होती
आणि पायगोंडाचे खिसे, टोपी, भाकरीचं फडकं
सगळ्या कामगारांसमोर झाडून घेतलं होतं.
काही मिळालं नाही, तरी तो दुसऱ्या दिवशी आला नाही.
या सगळ्यात मी कुठंच नाही,
मी तेव्हा पाळण्यात होते.
पण त्याचा पाट
आमच्या माळ्यावर अजून आहे.

आप्पा त्याच संध्याकाळी रेंदाळला गेले.
सायकल नको म्हणाले, चालत.
परत आले तेव्हा मासोळी खिशातच होती.
आईनं ताट वाढलं, झाकलं, परत उघडलं.
खूप वेळानं म्हणाले,
त्यानं हातावर घेतली, तोलली.
म्हणाला, साडेतीन ग्रॅम.
मग म्हणाला,
मासोळी कधी एकटी असती व्हय मालक?
जोडी आणा, मग बघू.

जोडीतली दुसरी
त्याच आठवड्यात आटवली होती.
कुणाच्या तरी पैंजणात ती
कधीची चालून गेली असेल.

हणमंतनं माती धुऊन, गाळून, आटवून
जो हिशेब केला
त्यात पांढरी फरशी बरोब्बर बसली,
वर सिमेंटच्या दोन पोत्यांचे पैसे घालावे लागले.
जमिनीनंच जमीन विकत घेतली, भाऊ म्हणतो,
आणि मशीन सुरू करतो.

आता घरात काही सांडलं तर लगेच दिसतं.
तरी आई अजून
केरसुणी आतल्या बाजूलाच ओढते,
मधेच वाकते,
बोटानं काहीतरी उचलते.
बघते. साखर असते.