रंगाचा रकाना

पालच्या पुढे, सुकीचं पात्र जिथे नुसत्या दगडांनी भरलंय,
तिथे सागाला तुरे आले होते.
एक तुरा हळूच वाकवून मुनाफ तडवी म्हणाला,
"हालू नका ताई. बसेल आहे."

बसला होता.
परागात तोंड खुपसून,
शेवटच्या पंगतीला पोचलेल्या पाहुण्यासारखा,
इकडेतिकडे न बघता.

माझ्या हातात छापील फॉर्म.
लांबी : पेराएवढी.
मिशा : आखूड, टोकाला पानांची घडी.
पाठ : चपटी, खांद्याशी रुंद, मागे निमुळती.
ठिपके : पांढरे, डावीकडे सात, उजवीकडे सहा.
(चुन्याचं बोट लावणाऱ्याला
मध्येच कुणी हाक मारली असावी.)
रंग :

हिरवा लिहिलं. तो जरा वळला, तांब्याचा झाला.
खोडून तांबूस लिहीपर्यंत ढग सरकला
आणि पाठीवरून जांभळं काही धावत गेलं,
डबक्यात सांडलेल्या रॉकेलवरून धावतं तसं.
कागद त्या जागी झिजून पातळ झाला.

"मुनाफभाऊ, तुमच्यात याला काय म्हणतात?"
"काही नही म्हनत.
जो पीक खात नही, चावत नही,
त्याले नाव कोन ठेवीन?"

मग बरंच चालल्यावर, आपणहून,
बहिणीचं सांगितलं. अमीनाचं.
मेलेल्या एकाची दोन झाकणं
तिनं दोऱ्यात ओवून कानात घातली होती,
आणि यावलच्या बाजारात सोनारीण तिला थांबवून विचारत होती,
कुठून घडवलेस गं?

बाकीचे भुंगेरे उडताना
पाठीची दोन्ही कवाडं उघडतात.
हा उघडत नाही.
कुशीतल्या खाचेतून पंख बाहेर काढतो
आणि घर जसंच्या तसं बंद ठेवून
निघतो.
तसाच निघाला. गुंईं.
तुरा सुटून वर गेला,
माझ्या चष्म्यावर पिवळी धूळ.

पिशवीत इथरची बाटली होती.
बूच तसंच.

पुढच्या महिन्यात जळगावहून फॉर्म परत आला,
लाल पेनानं गोल केलेला :
रंगाचा रकाना कोरा का?

अंगणाबाहेर सागाचं एक कोवळं पान होतं, हिरवंगार.
ते चुरगाळून मी त्या पातळ जागेवर घासलं.
कागद लाल झाला.
वाळायला उन्हात ठेवलाय.