जस्त दिसत नाही

पावणेतीनला लाइट गेली.
मिक्सर थांबला तेव्हा कळलं,
इतका वेळ आम्ही ओरडून बोलत होतो.
कुपवाडच्या एमआयडीसीत एवढी शांतता
मी सहा वर्षांत ऐकली नव्हती.

बाबालाल तांबोळी टेम्पोतून उतरून आत आला.
मिशीला राख, पापण्यांना राख.
गॅल्व्हनायझिंगच्या कढयांवर धरलेली साय
तो पोत्यांतून आणतो, माधवनगर, पलूस, पार विट्यापासून.
पत्र्यापर्यंत पोचायचं राहून गेलेलं जस्त.
"मॅडम, सात वर्षं तुमच्या दारात राख टाकतोय.
जस्त एकदा दाखवा की."

मी काचेवर टॉर्च धरला.
घुसळताना ताकासारखं होतं सगळं,
आता फुटत होतं:
वर रॉकेल आणि त्यातलं आमचं औषध,
खाली आम्लाचं पाणी,
मधे बोटभर मळी, कुणाच्याच बाजूची नसलेली.
"मघाशी खाली होतं. आता वर गेलंय."
"दिसत न्हाई."
"त्याला रंगच नाही."

तो वाकून बघत राहिला.
हरिपूरला माझं माहेर. संगमावर वारणा येते तेव्हा
दोन रंगांची पाणी थोडं अंतर शेजारी चालतात,
मग कुठलं कुणाचं, नदीलाही सांगता येत नाही.
इथे उलटं. कितीही घुसळा,
थांबलात की आपापल्या जागी.
फक्त जस्त ओलांडून गेलेलं असतं.

लोखंडाचं त्याला सांगितलं नाही.
तेही मागोमाग चढतं, आणि चढलं की उतरत नाही,
म्हणून आधीच चुना टाकून बसवतो त्याला,
तांबडा चिखल करून गाळतो.
जस्त तसं नाही. आम्ल जरा कडक केलं
की धरलेला हात सोडून खाली येतं.
पुराच्या पाण्यात तीन दिवस बुडालेली आईची बादली
अजून गळत नाही.
लोखंडाच्या आधी जस्त झिजतं तिथे.
इथे आम्ही दोघांची फारकत करतो,
पगार घेऊन.

चारला लाइट आली, सगळं पुन्हा दुधाळ झालं.
पावती मिळाली तरी बाबालाल गेला नाही.
साडेसहाला सेलहाउसमध्ये सिद्राम कोष्टीनं
ॲल्युमिनियमच्या पाटीवरून छिन्नीनं पापुद्रा सोडवला.
आधी कडेला टक्क,
मग सबंध पत्रा, करकरत,
पहाटेच्या आभाळाच्या रंगाचा.

बाबालालनं तो दोन्ही तळव्यांवर घेतला,
भंगारवाल्याच्या सवयीनं वरखाली केला.
"साडेचार किलो."
काट्यावर चार सहाशे भरलं.

एवढी राख, एवढं पाणी, रात्रभर जागरण,
यावर तो काहीच बोलला नाही.
शंभर ग्रॅमची चूक मात्र
टेम्पो सुरू होईपर्यंत
स्वतःशीच पुटपुटत होता.