एकशे बारा सेंटिमीटर

मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद करून बसणारी माणसं
दोनच प्रकारची. वर्ख कुटणारे, आणि आम्ही.

काळ्या तबकडीवर मी चिखल पसरते.
म्हणजे होता चिखल, अरबी समुद्राच्या तळाचा,
लांब नळीत भरून वर आलेला.
धुऊन, गाळून, भट्टीत वाळवून
आता त्याचा बारीक रवा झालाय.
भिंगातून बघितलं की रव्याचा प्रत्येक दाणा घर असतो:
तीन फुगीर खोल्या, वर कमानीचं दार.
ज्यानं बांधलं तो जगला दोन-तीन आठवडे,
पाण्याच्या वरच्या थरात, उजेडात.
मग रिकामं घर खाली खाली बसत गेलं.

ब्रश नानांचा आहे, तीन शून्यांचा.
नाना रावपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे,
अनुस्वार आणि 'स्थापना' खालचं साल
तेवढं याच ब्रशनं.
जुनं नाव खरवडायचे नाहीत. म्हणायचे,
राहू दे खाली, त्याचं काय जातंय.
टोक जिभेवर ओलं करून मी एकेक घर उचलते.
सरांसमोर जिभेवर नाही.

अमीन सरांना चाळीस लागतात,
एका जातीची, एका मापाची, दार न फुटलेली.
ती अहमदाबादेला जातात यंत्रात.
आम्लाचा थेंब पडतो आणि घर विरघळतं.
जो बुडबुडा निघतो त्यावरून सर सांगतात
पाणी तेव्हा किती ऊन होतं,
नद्यांनी किती गोडं आणून ओतलं.
विचारलं की उत्तर मिळतं, आणि ज्याला विचारलं
तो उरत नाही. मी हे सरांना एकदा बोलले.
ते म्हणाले, चहा घ्या.

त्या दिवशी एकशे बारा सेंटिमीटर होतं.
अठरा हजार वर्षं, थोडं इकडेतिकडे.
समुद्र तेव्हा एकशे वीस मीटर खाली उतरलेला,
खंबातचं आखात पायी ओलांडावं असं कोरडं,
आणि आमची विश्वामित्री, असलीच तर,
समुद्र शोधत पार पुढे चाललेली,
मगरी घेऊन.

अडतीस झाली होती.
एकोणचाळिसावं ब्रशच्या टोकावर.
आणि कँटीनमध्ये तरलिकाबेननं
शेवउसळीला फोडणी दिली.

एकच शिंक.
तबकडी पाटीसारखी कोरी.

गुडघ्यांवर बसून ओल्या ब्रशनं
फरशीच्या सांधीसांधीत शोधलं.
अकरा सापडली. बारावी साखर निघाली.
नळीतला तेवढा थर तर आधीच संपलेला,
पुन्हा मागायला समुद्राशिवाय कुणी नव्हतं.

सरांच्या आलेखात रेघ एकशे आठपर्यंत येते,
थांबते,
आणि एकशे सोळाला पुन्हा सुरू होते.
पट्टी लावून जोडता आली असती.
सर म्हणाले, मोकळं ठेवू.
त्यांचा हा गुण मला आवडतो.
परदेशातल्या कुणीतरी पत्र लिहून विचारलं,
या वर्षांत काय झालं?

ऑगस्टात विश्वामित्री प्रयोगशाळेत आली.
तळमजला, दोन रात्री, कमरेइतकं पाणी.
ओसरल्यावर भिंतीवर एक रेघ सोडून गेली,
आणि बोटभर साय, तपकिरी, गुळगुळीत.
झाडायच्या आधी चिमूटभर भिंगाखाली धरली:
अभ्रक, विटेचा कण, निळ्या प्लास्टिकचा धागा.
घर एकही नाही.
कुपीत भरून वर लिहिलं, नानांच्या ब्रशनं:
शून्य सेंटिमीटर.

बाकीचा चिखल फावड्यानं उपसून
मागच्या आवारात टाकला, बाभळीखाली.
त्यात कुठेतरी ती अठ्ठावीस आहेत.
पुन्हा गाळ बसेल. त्यावर पुन्हा.
मग कधीतरी कुणीतरी नळी खुपसेल,
धुईल, गाळेल, भिंगाला डोळा लावून ओरडेल,
अरे, समुद्र होता इथे! बडोद्यापर्यंत!
आणि आलेखावर रेघ वर चढवेल.

नाही हो.
मला शिंक आली होती.