शेरा

दारावरच्या पाटीवर 'हेड ऑफ रिक्रूटमेंट'.
आईला फोनवर सांगितलं, स्थळं बघतो.
ती हसली नाही. म्हणाली, मग नीट बघ,
आणि नको असेल तर लगेच कळव,
टांगून ठेवू नकोस कुणाला.

ग्रिम्सबीत वारा समुद्रावरून येतो,
मासळीच्या बर्फाचा वास घेऊन
थेट स्टँडमध्ये बसतो, तिकीट न काढता.
माझं ऑफिस धुलाईच्या खोलीवर.
खाली अठ्ठावीस जर्सी गरगरतात,
वर माझ्या पडद्यावर चारशे बारा पोरं:
उंची, वय, डावा पाय की उजवा,
नव्वद मिनिटांत किती धावला, किती वेळा चेंडू गमावला,
करार कधी संपतो, एजंट कोण,
आणि अगदी शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना.
चाळीस अक्षरांच्या वर त्यात मावत नाही.

मी स्वतः खेळलो तो खो-खो, इस्लामपूरला.
संघात बारावा.
बाहेर बसून बघणं तेव्हापासून जमतं.

नॉर्मन थ्रॅपल, आमचा जुना स्काउट,
गुडघ्यांनी आणि लॅपटॉपने मिळून घरी बसवलेला,
जाताना म्हणाला होता,
चेंडू असेल तिथे बघू नकोस, तिथे सगळेच बघतात.

म्हणून त्या मंगळवारी, डॉनकास्टरजवळ, राखीव संघांचा सामना,
प्रेक्षक एकेचाळीस, एक कुत्रा धरून,
मला दिसला एलायजा प्रॉथरो.
लेफ्ट बॅक. एकोणीस.
त्याच्याच चुकीने गोल झाला.
बाकीचे हात वर करून रेफरीकडे, गोलकीपर आभाळाकडे;
हा मागे वळला,
कुणाच्या तरी बुटाने उखडलेला हिरवळीचा तुकडा
उचलून जागेवर ठेवला
आणि टाचेने दाबला. दोनदा.
मग धावत आपल्या जागी.

ह्याला रकाना नाही.

स्कंथॉर्पला त्याच्या घरी गेलो.
आई वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आलेली, गणवेशातच.
चहा, बशीत गोलाकार मांडलेली बिस्किटं;
पोहे नव्हते, एवढंच.
मुलगा सोफ्याच्या कडेवर, तळवे मांड्यांखाली दाबून.
काय विचारायचं असतं अशा वेळी?
झोप लागते का, स्वयंपाक येतो का, गाडी चालवतोस का.
निघताना दारात आईने विचारलं, टिकेल ना तो?
मी म्हणालो, कळवतो.

जानेवारीच्या शेवटच्या रात्री पैसे एकापुरतेच होते.
मॅनेजरला उंच स्ट्रायकर हवा होता,
कारण मॅनेजरला नोकरीही हवी होती.
अकराला नऊ मिनिटं कमी असताना सही स्कॅन झाली,
कुणीतरी पिझ्झा मागवला,
काम फत्ते केलंस, असं मला तिघांनी सांगितलं.
स्ट्रायकरने सात गोल केले. वाईट नाही.

कळवायचं राहिलं.
राहिलं म्हणजे,
नंबर काढला होता. दोनदा.

शेऱ्यात अजून आहे: लक्ष ठेवावे.
मी न सांगता ते सॉफ्टवेअर दर मार्चमध्ये
त्याचं वय एकाने वाढवतं.
वीस. एकवीस. बावीस.
क्लबच्या रकान्यात आडवी रेघ.
तेवीस झालं की ओळ आपोआप करडी होते
आणि यादीच्या तळाला जाऊन बसते.
यंदा झाली.
एक बटण दाबलं की जाईल.

शनिवारी सामना होता, पाऊस तिरका.
चौदाव्या मिनिटाला कॉर्नरपाशी
तळहाताएवढं ढेकूळ उखडलं
ते हाफ टाइमपर्यंत तसंच,
सगळे त्यावरून आले-गेले.
चेअरमनच्या शेजारी बसून मी
टाच दाबत होतो सिमेंटवर.
थंडी वाजतेय का, त्यांनी विचारलं.
हो म्हटलं.