पंचवीस अंश

लिहायचं लिओमिन्स्टर, म्हणायचं लेम्स्टर.
मधली अक्षरं गिळणाऱ्या या गावात
मे उलटला तरी पंचवीस अंश आले नाहीत,
आणि पंचवीसच्या खाली अ‍ॅक्रिलिक कापायचं नाही,
हे गेथिनने शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं.
खाली रोजचा आकडा: चौदा. सोळा. चौदा. अकरा, पाऊस.

विमान तयार आहे. म्हणजे पंख, शेपूट, चाकं, दोन खुर्च्या.
फक्त डोक्यावरचं छत नाही.
ते जुन्या गाद्यांवर पडून आहे, निळ्या टेपने आखलेलं,
कुठल्या तरी राक्षसाच्या नाकावरून गळलेला थेंब.
"एकच आहे," तो म्हणतो. "दुसरं घ्यायचं तर
घर विकावं लागेल, आणि घर बँकेचं आहे."

मला बोलावलं, कारण चौतीस वर्षं
मी हेरफर्डच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या.
तोंडं नाही पाहिली, तोंडांचे साचे पाहिले.
त्याची वरची कवळी माझीच.
आधी डबीवरचं नाव, माणूस पुष्कळ नंतर भेटला.
डावा सुळा मी मुद्दाम जरासा वाकडा बसवला होता,
खरा वाटावा म्हणून.
माल तोच, गेथिन. गुलाबी नाही, एवढंच.

शेवटी आम्ही ऊन भाड्याने आणलं:
तीन हीटर, त्यातला एक त्याच्या बहिणीच्या टोमॅटोंचा,
आणि दाराच्या फटींना माझी मिरजेहून आणलेली गोधडी.
दुपारी दोनला पारा सव्वीसवर.
आमच्याकडे याला हिवाळा म्हणतात, मी म्हटलं.
त्याने स्वेटर काढला, मग शर्टही.

"तू काप."
हात पुढे करून दाखवले त्याने.
चाळीस वर्षं बस चालवलेले हात,
बशीतल्या कपासारखे थरथरत होते.
नाताळापासून असे आहेत, हे मला ठाऊक होतं.
डॉक्टरला ठाऊक आहे का, मी विचारलं नाही.

करवत चालत नाही. तिचे दात या मालाला चावतात,
आणि चावल्या जागेतून भेग पळत सुटते.
घासणारी चकती घ्यायची, वजन न टाकता,
रेघेच्या बाहेरून, घाई नसल्यासारखं.
पांढरी भुकटी उडाली, आणि तो वास,
गोडसर, नाकाच्या मुळाशी बसणारा.
नवरा म्हणायचा, तू जिन्यात असतेस
तेव्हाच तुझा वास घरात येऊन बसलेला असतो.

शेवटची चार बोटं राहिली होती. टक्.
एवढंच. शेजारच्या घरात कुणी सुपारी फोडावी तसं.
गेथिन उलट्या बादलीवर बसला.
काठावरून आत निघालेली भेग,
तांदळाच्या दाण्याएवढी.

मी बोथट केलेलं बारीक ड्रिल घेतलं
आणि थेट तिच्या टोकावर एक भोक पाडलं.
भेगेला पुढे जायला टोक लागतं.
गोल जागेत ती फिरत राहते, वाट सापडत नाही.
"फुटलेल्याला आणखी भोक?"
"हो."
"लोकांनाही हेच सांगायचीस?"
"लोकांना काहीच सांगायचे नाही. साचे विचारत नाहीत."

सहाला छत चौकटीवर टेकवलं.
मागे दोन मिलिमीटरची फट आहे, ती उद्या.
आत कुणी तरी बसून बघायला हवं होतं, डोकं लागतं का.
तो डावीकडच्या खुर्चीकडे बघत राहिला,
चालवणाऱ्याच्या.
मग म्हणाला, "तू बस."
डावीत?
डावीत.

मी पाच फुटांची. डोक्यावर वीतभर मोकळी जागा,
मग अ‍ॅक्रिलिक, मग पत्रा.
उशी लागेल, असं काहीसं तो म्हणाला असावा.
आत ऐकू येत नव्हतं.
दिसत होतं फक्त त्याचं हसणं
आणि माझा जरासा वाकडा सुळा.

माझ्या श्वासाने मध्येच धुकं धरलं.
पुसायला हात उचलला आणि आठवलं,
कोरड्या फडक्याने ओरखडे पडतात.
धुकं आपोआप उतरेपर्यंत
मी तशीच बसून राहिले.